दूध संकलन बिलिंग: फंक्शनला दिलेल्या ऑब्जेक्टचं काय होतं (प्रकल्प नोंदी)

सोमवार, 6 जानेवारी 2025

कोड आजपासून आमच्याकडे आला. गावच्या दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलिंग. केंद्रावरच्या यंत्रात सी++, कार्यालयातल्या सर्व्हरवर जावा, महिनाअखेरच्या अहवालांना पायथन. सकाळ-संध्याकाळच्या पाळीत दूध येतं, लिटर, फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची) नोंद होते, दरपत्रकावरून रक्कम निघते आणि दर दहा दिवसांनी कपाती वजा करून उत्पादकाचं बिल तयार होतं.

सगळ्यात जुनी तक्रार आधी घेतली. एका संस्थेच्या सचिवांनी फोनवर नेमकं सांगितलं: "दादा, बिल आधी स्क्रीनवर बघितलं आणि मग छापलं तर पैसे कमी येतात. न बघता छापलं तर बरोबर येतात." तक्रार इतकी नेमकी मिळाली की अर्धा शोध तिथेच संपतो. चाचणीच्या डेटावर तेच करून पाहिलं. एकूण रक्कम 4,312. पशुखाद्याचे 900 आणि उचलीचे 500 वजा जाता हाती यायला हवेत 2,912. स्क्रीनवर 2,912 आले. छापल्यावर 1,512. कपात दोनदा.

फंक्शनचं (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) नाव कॅल्कनेट. पॅरामीटर, म्हणजे त्याला दिली जाणारी गोष्ट, एकच, बिल. परत देतं निव्वळ रक्कम. नाव आणि पॅरामीटर वाचणाऱ्याला वाटणार की हे हिशेब करून आकडा सांगेल. आत मात्र ते आलेल्या बिल ऑब्जेक्टमधलीच (मेमरीत एकत्र ठेवलेल्या बिलाच्या माहितीतलीच) रक्कम कमी करतं आणि कमी झालेला आकडा परत देतं. स्क्रीन त्याला बोलावते, छपाईही बोलावते, आणि दोघी एकच ऑब्जेक्ट देतात. पहिल्या वेळी कपात गेली, दुसऱ्या वेळी उरलेल्यातून पुन्हा गेली.

दुरुस्ती चार-पाच ओळींची: हिशेब आतल्या स्थानिक चलात, बिलाला हात नाही. केली, टेस्ट लिहिली (तीनदा बोलावून तिन्ही वेळा 2,912). पण लहान उत्पादकाच्या दहा दिवसांच्या दुधातून 1,400 रुपये चुकून जाणं ही मोठी गोष्ट आहे, आणि बिल पॅरामीटर म्हणून घेणारी फंक्शनं या कोडमध्ये ढिगानं आहेत. प्रत्येकाचं आत जाऊन बघणार.

बुधवार, 8 जानेवारी

टीममध्ये सकाळी यावरच चर्चा. नव्यानं आलेल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, जावात ऑब्जेक्ट रेफरन्सनं (प्रत न होता मूळ चलच) जातं, म्हणून हे घडलं. हे महाविद्यालयात बऱ्याच जणांना असंच शिकवलं जातं आणि मुलाखतीतही असंच विचारलं जातं. तोंडी वाद घालण्यापेक्षा छोटा प्रोग्राम लिहिला. अदलाबदल नावाचं फंक्शन, दोन बिलं घेतं, आत पहिल्या पॅरामीटरला दुसरं आणि दुसऱ्याला पहिलं नेमून देतं. बाहेर येऊन पाहिलं तर दोन्ही बिलं जागच्या जागी. खऱ्या अर्थानं रेफरन्सनं गेली असती तर बदलली असती. सी++ मध्ये पॅरामीटरला & हे रेफरन्सचं चिन्ह लावून हेच लिहिलं तर बदलतात. तेही शेजारी चालवून दाखवलं.

जावात प्रत्येक पॅरामीटर व्हॅल्यूनंच, म्हणजे प्रत होऊनच, जातो. ऑब्जेक्टच्या बाबतीत ती व्हॅल्यू म्हणजे ऑब्जेक्टकडे नेणारा रेफरन्स, आणि त्या रेफरन्सची प्रत फंक्शनला मिळते. आमच्याच क्षेत्रातलं सांगायचं तर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक. तो क्रमांक चिठ्ठीवर उतरवून डॉक्टरांना दिला. त्यांनी त्यांच्या चिठ्ठीवरचा क्रमांक खोडून दुसरा लिहिला तरी माझ्या चिठ्ठीला काही होत नाही. पण त्या क्रमांकाची गाय शोधून तिला लस टोचली, तर लस माझ्याच गायीला बसली. अदलाबदल फंक्शनानं चिठ्ठी खोडली, कॅल्कनेटनं लस टोचली. सहकाऱ्याला हे पटलं, आणि मग त्यानंच विचारलं की पायथनमध्येही असंच असणार. असंच आहे. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1970 च्या दशकात एमआयटीत सीएलयू भाषा रचली, तिच्यात ही पद्धत विचारपूर्वक निवडलेली होती. पुढच्या अनेक भाषा त्याच वाटेनं गेल्या.

फायनल लावून हे थांबेल का, असाही प्रश्न आला. नाही. जावात पॅरामीटरला फायनल लावलं की त्या नावाला दुसरं ऑब्जेक्ट नेमता येत नाही, एवढंच. ऑब्जेक्टच्या आतली रक्कम खुशाल बदलता येते. या कोडमध्ये कॅल्कनेटच्या पॅरामीटरला फायनल लावलेलंच होतं.

सोमवार, 13 जानेवारी

1 ते 10 च्या बिलांच्या छपाईतून आज वेगळं प्रकरण पुढे आलं. 'सगळी बिलं एकदम' हा पर्याय वापरला की प्रत्येक उत्पादकाच्या बिलावर वरची रक्कम बरोबर, पण खालचा पाळीवार तपशील सगळ्यांचा सारखाच. यादीतल्या शेवटच्या उत्पादकाचा.

कोड असा: लूपच्या बाहेर नोंदींची एकच यादी तयार केलेली. आत दर उत्पादकासाठी ती आधी रिकामी करायची, मग भरायची आणि बिलाच्या कन्स्ट्रक्टरला (नवं ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडला) द्यायची. बिलाचा कन्स्ट्रक्टर ती यादी तशीच स्वतःच्या फील्डमध्ये (ऑब्जेक्टच्या आतल्या कप्प्यात) ठेवून घेतो. म्हणजे शेकडो बिलं आणि त्या सगळ्यांच्या पोटात एकच यादी. रक्कम बरोबर का? ती कन्स्ट्रक्टरमध्येच बेरीज करून ठेवली जात होती. आधी वर्षानुवर्षं हे चाललं कसं, तेही कळलं: पूर्वी एक बिल तयार झालं की लगेच छापलं जाई, पुढचं नंतर. यादी रिकामी होण्याआधी छपाई उरकलेली असे. सगळी बिलं आधी जमवून मग छापण्याची सोय आली आणि झाकलेलं उघडं पडलं.

इथे कुणी ऑब्जेक्ट 'बदललं' असं म्हणता येत नाही. बिलानं यादीला हात लावला नाही, यादीच्या मालकानं स्वतःचीच यादी रिकामी केली. दोघांचंही वागणं आपापल्या जागी सरळ. बिघाड दोघांमधल्या न बोललेल्या करारात आहे. म्हणून व्हॅल्यू की रेफरन्स या वादापेक्षा मला दोन प्रश्न जास्त कामाचे वाटतात आणि यापुढे प्रत्येक फंक्शनला तेच विचारणार आहे: दिलेलं ऑब्जेक्ट तू बदलणार आहेस का? आणि तुझं काम संपल्यावरही ते तू ठेवून घेणार आहेस का? दोन्हीची उत्तरं आतला कोड न वाचता, निदान नाव आणि पॅरामीटरवरून, कळली पाहिजेत.

दुरुस्ती: कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्ट-कॉपीऑफ. ही सोय जावा 10 पासून आहे आणि हिच्यातून बाहेर येणारी यादी बदलता येत नाही. सहकाऱ्यानं आधी अनमॉडिफायेबल-लिस्ट लावलं होतं. ते इथे पुरत नाही, कारण तो मूळ यादीवरचा नुसता पडदा; मूळ यादी रिकामी झाली की पडद्याआडूनही रिकामीच दिसते. आणि कॉपीऑफ यादीची प्रत करतं, आतल्या नोंदींची नाही. दोन याद्या, पण नोंद तीच. एखाद्यानं नोंदीतलं फॅट बदललं तर दोन्हीकडे बदलेल. त्यामुळे नोंद या क्लासचंही (ऑब्जेक्टच्या साच्याचं) रेकॉर्ड करायचं ठरवलं, फील्ड एकदा भरली की संपलं. सर्व्हर जावा 17 वर आहे, त्यामुळे अडचण नाही.

शुक्रवार, 17 जानेवारी

तारखा. जुनी डेट क्लासची ऑब्जेक्टं सगळीकडे. पुढचा कालावधी काढणारं फंक्शन आलेल्या तारखेतच सेटटाइमनं दहा दिवस मिळवतं, आणि ज्या बिलानं ती तारीख दिली त्याचा 'पासून' पुढे सरकतो. जावा 8 मध्ये, 2014 साली, लोकलडेट आली ती नेमकी या दुखण्यावर: प्लसडेज बोलावलं की नवी तारीख मिळते, जुनी जशीच्या तशी. सगळ्या तारखा तिकडे हलवल्या. कंटाळवाणं काम, पण कालावधीचा प्रश्न मुळातून गेला.

मंगळवार, 21 जानेवारी

आज यंत्रावरचा सी++ उघडला. तक्रार अशी की पाळी संपल्यावर निघणारा गोषवारा आणि उत्पादकांना दिलेल्या पावत्यांची बेरीज जुळत नाही. रोज नाही, म्हशीचं दूध आलं त्या पाळीतच.

नोंद हा मूळ क्लास, त्यात गायीच्या दुधाचा हिशेब, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून. त्यापासून म्हैसनोंद, 6.0 आणि 9.0 वर. दर काढणारी मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) व्हर्च्युअल (ऑब्जेक्ट ज्या जातीचं, त्या जातीचीच चालणारी), म्हणजे रचना नीट विचार करून केलेली आहे. पावती पॉइंटरमार्फत (मेमरीतल्या पत्त्यावरून) नोंद घेते, तिथे दर बरोबर येतो. गोषवाऱ्याचं फंक्शन मात्र पॅरामीटर म्हणून नोंद व्हॅल्यूनं घेतं. सी++ मध्ये व्हॅल्यूनं म्हणजे खरोखरची नवी नोंद, मूळ क्लासच्या मापाची. म्हैसनोंद त्यात भरताना तिचा म्हैसपणा बाहेरच कापला जातो. आत उरते साधी नोंद, आणि तिची मेथड गायीचाच दर काढणार. कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) एक अक्षर बोलत नाही, कारण भाषेच्या नियमात हे बसतं. जावात ही अडचण येतच नाही, तिथे ऑब्जेक्ट स्वतः कधी पॅरामीटरमधून जात नाही.

पॅरामीटर कॉन्स्ट रेफरन्स केला, म्हणजे प्रत न होता मूळ नोंदच जाते पण फक्त वाचायला. गोषवारा लगेच जुळला. शिवाय मूळ क्लासची कॉपी बाहेरून करताच येणार नाही असा बंदोबस्त केला, म्हणजे पुढे कुणी विसरून व्हॅल्यूनं घेतलं तर बिल्डच होणार नाही.

खरी गोष्ट यानंतर घडली. कॉन्स्ट लावल्यावर कंपायलरनं गोषवाऱ्यातच तक्रार केली: फॅट वाचणारी मेथड कॉन्स्ट नाही, त्यामुळे कॉन्स्ट नोंदीवर बोलावता येणार नाही. साधी राहून गेलेली गोष्ट असेल म्हणून त्या मेथडला कॉन्स्ट लावलं. आता कंपायलर मेथडच्या आतल्या ओळीवर अडला. ती मेथड फॅट परत देण्याआधी एक दशांशापर्यंत पूर्णांकित करून फील्डमध्येच परत लिहीत होती! यंत्र 3.46 मोजतं, दरपत्रक एका दशांशाचं, म्हणून कुणीतरी सोय केली असणार. पण मग ज्या नोंदीचं फॅट पडद्यावर दाखवलं गेलं ती कायमची 3.5 झाली, आणि सर्व्हरकडे 3.5 गेलं. जिचं दाखवलं नाही तिचं 3.46. नुसतं विचारल्यानं मोजमाप बदलत होतं.

म्युटेबल लिहून किंवा कॉन्स्टकास्ट करून कंपायलरला गप्प करता आलं असतं. ते केलं नाही. मोजलेलं फॅट जसं आलं तसं राहील, दरासाठीचं फॅट वेगळ्या मेथडमधून प्रत म्हणून मिळेल. दुपार याच कामात गेली, कारण एका ठिकाणी कॉन्स्ट लावलं की ते पुढे पसरत जातं, आणि जिथे जिथे अडतं ती प्रत्येक जागा वाचण्यासारखी निघते. कॉन्स्ट पसरतं म्हणून अनेक जण वैतागतात. मला ते पसरणंच मोलाचं वाटतं. पहिल्या प्रश्नाचं, बदलणार का याचं, उत्तर इथे कंपायलर स्वतः तपासून देतो, आणि जावात ही सोय नाही याची आज पुन्हा चुटपुट लागली.

शुक्रवार, 24 जानेवारी

कालपासून उत्साहात सगळ्यालाच कॉन्स्ट रेफरन्स लावत सुटलेली एक कमिट (कोडमधल्या बदलांचा गठ्ठा) आली. ती परत पाठवली, कारण लिटर, फॅट, पाळीचा क्रमांक यांना तो लावण्यात काही मिळकत नाही. असल्या लहान व्हॅल्यू सरळ व्हॅल्यूनंच द्याव्यात. त्यांची प्रत रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या जागेतून) जाते, रेफरन्सनं दिल्या तर उलट मेमरीतून फिरून यावं लागतं. दोन-तीन मशीन-शब्दांच्या (एक शब्द म्हणजे एका पॉइंटरएवढी जागा) मापापर्यंत व्हॅल्यू, त्याहून मोठं आणि फक्त वाचायचं असेल तर कॉन्स्ट रेफरन्स: सी++ च्या कोअर गाइडलाइन्सही साधारण हेच सांगतात. नोंदीत उत्पादकाचं नाव स्ट्रिंग म्हणून आहे, तिची प्रत म्हणजे बहुधा मेमरी मागणं, म्हणून तिथे रेफरन्स हवाच.

आता दुसरा प्रश्न, ठेवून घेणार का. पावती झाली की नोंद सर्व्हरकडे पाठवायच्या रांगेत जाते आणि वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्येच समांतर चालणारं काम) नेट मिळेल तसं पाठवतो. रांगेत टाकलेला लॅम्डा (नंतर चालवायचं बिननावाचं फंक्शन) नोंद रेफरन्सनं धरून ठेवत होता. पण ती नोंद फंक्शनच्या आतली स्थानिक. फंक्शन परतलं की तिची जागा दुसऱ्या कशाला जाणार. नेट चांगलं असेल तर पाठवणं आधी उरकतं, आकडे बरोबर जातात. गावात नेट गेलं की मागे राहिलेल्या नोंदी भलत्याच आकड्यांनी पोहोचतात. केंद्रावरून येणारी तक्रारही अगदी अशीच होती, "लाइट गेली की बिघडतं". विजेचा संबंध एवढाच की वीज गेली की राउटर जातो.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून, परतलेल्या फंक्शनच्या स्टॅकचा (स्थानिक चलांच्या जागेचा) वापर पकडायचा पर्याय चालू करून बिल्ड केला आणि राउटरची तार काढली. ओळ क्रमांकासकट पकडलं.

जावात असं झालं नसतं, रेफरन्स धरलेला आहे तोवर ऑब्जेक्ट जिवंत राहतं. तिथे ठेवून घेण्याचा धोका 13 तारखेच्या यादीसारखा. इथे ऑब्जेक्टच नाहीसं होतं.

रांगेच्या फंक्शनचा पॅरामीटर आता युनिक पॉइंटर (एकच मालक असलेला पॉइंटर), व्हॅल्यूनं. त्याची प्रत होत नाही, त्यामुळे बोलावणाऱ्याला मूव्ह असं लिहावंच लागतं, आणि ते लिहिताना कळतं की नोंद आता आपली नाही. सी++ 11 च्या आधी ऑटो पॉइंटर हे काम करत असे, पण तो साध्या नेमणुकीसारखा दिसून मूळ पॉइंटर गुपचूप रिकामा करी. सी++ 17 मधून तो काढूनच टाकला, ते योग्य झालं. शेअर्ड पॉइंटर (अनेक मालक असलेला) वापरू या, अशी सूचना होती. मी नाही म्हटलं. नोंदीचा मालक कुठल्याही क्षणी एकच आहे, मग मालकी वाटून कशाला घ्यायची? शेअर्ड पॉइंटरची प्रत दर वेळी मोजणी वाढवते-घटवते, तीही सर्व थ्रेडना सुरक्षित पद्धतीनं, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की शेवटचा मालक कोण.

गुरुवार, 30 जानेवारी

पायथन अहवाल. इथे दोन जागा, दोन्ही लहान.

एका फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी यादी दिलेली. ती यादी फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच तयार होते, प्रत्येक बोलावण्याला नवी नाही. त्यामुळे एका संस्थेच्या अहवालातल्या नोंदी पुढच्या संस्थेच्या अहवालात उतरत होत्या. डीफॉल्ट नन (काहीच नाही) केला, आत नवी यादी.

दुसरी जागा मला जास्त बोलकी वाटली. मिळालेल्या यादीत समायोजनाच्या ओळी जोडायला अधिक-बरोबर (+=) वापरलं होतं. यादीवर ते जागच्या जागी वाढवतं, म्हणजे बोलावणाऱ्याची यादीही वाढते. तेच 'यादी बरोबर यादी अधिक ओळी' असं लांब लिहिलं की नवी यादी तयार होते आणि बाहेरची शाबूत राहते. आणि यादीऐवजी टपल (न बदलता येणारी यादी) आलं तर अधिक-बरोबरही नवंच टपल करतं. एकच ओळ, आलेल्या ऑब्जेक्टच्या जातीप्रमाणे एकदा बाहेरचं बदलणारी, एकदा न बदलणारी. सहकाऱ्यांसाठी हीच ओळ भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवली आहे.

मंगळवार, 4 फेब्रुवारी

दर काढणाऱ्या फंक्शनचं पुनर्लेखन, सर्व्हरवरचं. दोन रूपं सापडली. एकात नऊ पॅरामीटर, त्यातले सहा नुसते डबल (दशांश आकडे), फॅट आणि एसएनएफ शेजारी-शेजारी. बोलावताना अदलाबदल झाली तर कंपायलरला कळायचं कारण नाही, आकडे तेवढे चुकतात. दुसऱ्यात कुणीतरी यावर उपाय म्हणून अख्खा उत्पादक ऑब्जेक्ट पाठवला. पॅरामीटर एकच झाला खरा, पण दर काढायला बँक खाते क्रमांक आणि मोबाइल कशाला? साधी टेस्ट लिहायची तर खोटा उत्पादक पत्त्यासकट उभा करावा लागतो. आणि ज्याला अख्खा उत्पादक मिळतो तो त्यातलं काहीही बदलू शकतो.

मधला मार्ग घेतला: मोजमाप नावाचं छोटं रेकॉर्ड. त्यात दुधाचा प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ. फॅट आणि एसएनएफला आपापले वेगळे टाइप, म्हणजे अदलाबदल केली तर बिल्डच अडतं. फंक्शनला मोजमाप आणि दरपत्रक एवढंच जातं, परत येते रक्कम. टेस्ट तीन ओळींत.

दरपत्रकाबद्दल थोडा वाद झाला. ते मोठं आहे, दर नोंदीला देणं महाग पडेल अशी शंका. पण जावात जाते ती रेफरन्सची प्रत, दरपत्रक कितीही मोठं असलं तरी तेवढीच. महाग पडलं असतं ते सी++ मध्ये व्हॅल्यूनं दिलं असतं तर.

मंगळवार, 11 फेब्रुवारी

1 ते 10 फेब्रुवारीची बिलं आज काढली. चाचणी सर्व्हरवर जुना आणि नवा कोड एकाच डेटावर चालवला आणि जिथे फरक आला ते प्रत्येक बिल हातानं तपासलं. काही फरक कपातीचे, काही फॅट पूर्णांकित करण्याचे, दोन्ही अपेक्षित. दुसऱ्या प्रकारात उत्पादकाला कधी जास्त मिळतात, कधी कमी. ते संस्थांना आधी लेखी कळवायला हवं, नुसता कोड बदलून भागणार नाही. मसुदा सचिवांकडे वाचायला दिला आहे. ते म्हणाले, "जानेवारीच्या बिलातला फरकही काढून द्या, मिटिंगला ठेवतो." काढतोय.

बाकी: एसएमएसचं मॉड्यूल अजून अख्खा उत्पादक घेतं, त्याला मोबाइल क्रमांक आणि मजकूर पुरेसा आहे. यंत्रावरच्या जुन्या प्रिंटर क्लासमध्ये दोन मेथड कॉन्स्ट नसल्यामुळे अडल्या आहेत, त्या उद्या सकाळी आधी.